ओसाड जागांच्या भटकंतीला कुठे जावं: ओसाड इमारत की बंद पडलेला रेल्वेमार्ग?

ओसाड इमारतीत माणसांच्या खुणा जास्त सापडतात: भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीला राहिलेला कोट. मला तेच सगळ्यात भिडतं. पण धोकाही तिथेच जास्त. पाणी मुरून कुजलेली लाकडी जमीन वरून धड दिसते आणि पाय ठेवताच खचते. जुन्या पाइपांच्या वेष्टनात फुफ्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं. शिवाय मालकाची परवानगी हवीच.

नवख्यांना मी रेल्वेमार्गच सुचवेन. पॅरिसच्या 'पेतीत सँत्यूर' या जुन्या वर्तुळाकार रेल्वेमार्गावरची प्रवासी वाहतूक १९३४ मध्ये थांबली. आज त्या मार्गाचे काही भाग फिरायला रीतसर खुले आहेत. बोगद्यांत मात्र हिवाळ्यात जाऊ नका. तिथे वटवाघळं शीतनिद्रेत असतात, झोपमोड त्यांच्या जिवावर बेतते. आणि रूळ गंजलेत म्हणून मार्ग बंदच आहे, असं कधीही धरू नका.