पंप शिकवायला मोबाइल बरा की चार्ट?

निपाणीत दवाखाना म्हटल्यावर दम्याचे पेशंट आलेच. तंबाखूच्या वखारी, बिड्या वळणाऱ्या बायका, तोडणीनंतर शेतात पेटवलेलं पाचट. औषध बहुतेकांचं बरोबर असतं, घोळ असतो तो पंप, म्हणजे इनहेलर, ओढण्यात. तो शिकवायला मी आधी मोबाइलवरचा व्हिडिओ वापरला, मग चित्रांचा चार्ट. दोन्ही अजून जवळ आहेत, पण हात एकाकडेच जातो.

व्हिडिओत वेग दिसतो, हे मान्यच. दाबायच्या पंपाला श्वास सावकाश, चार-पाच सेकंद ओढायचा; कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या रोटाहेलरला मात्र एकदम जोरात. हे कागदावर उतरत नाही. मी बाण जाड-बारीक काढून पाहिले, कुणाला काही कळलं नाही. शेवटी बोटं मोजूनच दाखवतो.

मला नडलं ते वेगळंच. व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही. बिड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. उजव्या हातात पंप, डाव्या हातात माझा मोबाइल. त्या अजून श्वासच सोडत होत्या, तोवर पडद्यावरच्या माणसाचं दाबून, ओढून झालंसुद्धा. मावशींनी घाईत दाबलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून औषधाचा पांढरा धूर बाहेर. वर म्हणतात, "झालं की ओ डॉक्टर!" मागे घेऊन पुन्हा लावला, तर स्क्रीन काळी. तिसऱ्यांदा लॉक उघडताना मलाच धाप लागायची बाकी होती. त्यात व्हिडिओतलं बोलणं कन्नड नाहीतर हिंदी. सीमाभागात दोन्ही कानावरची, पण दम लागल्यावर "थांबा, सोडा" हे आपल्याच भाषेत लागतं.

चार्ट थांबतो. पेशंटचा श्वास संपेपर्यंत तिसरं चित्र तिसरंच राहतं. कंपनीचे लोक देतात त्यावर मजकूरच फार, म्हणून मी बिनअक्षरी करून घेतला. पंप हलवणं, टोपण, श्वास पूर्ण सोडणं, ओठ मिटणं, दाबत ओढणं, मग रोखणं. रोखायच्या चित्राखाली दहा बोटं. शेवटी पाण्याचा तांब्या, कारण स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही तर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. शेजारी दाढीचा आरसा टांगलाय. धूर कुठून निसटतो ते ज्याचं त्याला दिसतं, मला बोलावं लागत नाही.

कॉलेजची पोरं असतील, घरी जाऊन पुन्हा बघणार असतील, तर व्हिडिओ वाईट नाही. त्यांना मीही पाठवतो. चार्टच करणार असाल तर पंप आणि रोटाहेलर एका कागदावर आणू नका, सावकाश आणि जोरात यांची हमखास सरमिसळ होते.

मावशी पुढच्या खेपेला आल्या तेव्हा चार्ट उलटा ठेवून पंप हातात दिला. एकदा आरशात पाहिलं, ओठ मिटले, दाबलं. धूर निसटला नाही. चूळ मात्र विसरल्या.