अल्फाफोल्ड : पेशीतलं पटल समजून घ्यायला कितपत कामाचं?

अल्फाफोल्ड म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारी एआय प्रणाली. तिचा डेटाबेस फुकट आहे, लॉगिन लागत नाही आणि त्यात २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज आहेत. पण अंगकांची पटलं कशी बनतात हे शोधायला गेलात तर तो निम्मंच काम करतो. प्रथिन दाखवतो, पटल दाखवत नाही.

ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशीने स्वतःचाच कचरा पचवण्याचं बघा. पेशी कचऱ्याभोवती दुहेरी पटल नव्याने उभं करते आणि त्यासाठीचं लिपिड (पटलाचा मेदयुक्त कच्चा माल) आंतर्द्रव्यजालिकेतून एटीजी२ए हे प्रथिन आणतं. या नावाची मानवी नोंद उघडा. १,९३८ अमिनो आम्लांचा, साधारण २० नॅनोमीटर लांब दांडा दिसतो, त्यात टोकापासून टोकापर्यंत खोबण. फाइल कायमेराएक्स या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एमएलपी कमांड द्या. खोबणीचं अस्तर सोनेरी होतं, म्हणजे पाणी टाळणारं. लिपिडच्या शेपट्या इथूनच सरकतात. अख्खा दांडा असा सलग बघायला मिळतो, इथे पैकीच्या पैकी गुण.

एटीजी९ए हे जोडीचं प्रथिन उघडलंत की मात्र घोळ सुरू. एटीजी२एने आणलेलं लिपिड पटलाच्या एकाच थरात उतरतं. ते दोन्ही थरांत वाटण्याचं काम याचं. पेशीत याच्या तीन साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, नोंदीत एकटीच. शेवटचा लांब भाग नारिंगी, म्हणजे पीएलडीडीटी (मॉडेलला त्या जागेची किती खात्री आहे, याचे शंभरपैकी गुण) ५०च्या खाली. पटल कुठे आहे हे मॉडेलला ठाऊकच नसल्याने अशी शेपटी खुशाल त्याच्या जागेतून आरपार जाऊ शकते. ती लपवूनच बघा. आणि निळ्या, म्हणजे खात्रीच्या भागांमधलं अंतर खरं मानण्याआधी पीएईचा आलेख तपासा; एका भागाच्या तुलनेत दुसऱ्याची जागा किती चुकू शकते ते त्यात दिसतं. प्रत्येक भाग निळा असला तरी त्यांची एकमेकांशी मांडणी चुकलेली असू शकते.

व्हीपीएस१३ए, म्हणजे लिपिड वाहून नेणारं पुलासारखं आणखी एक लांब प्रथिन, शोधणाऱ्यांची निराशा ठरलेली. २,७०० अमिनो आम्लांपेक्षा लांब मानवी प्रथिनं १,४००च्या तुकड्यांत, तीही फक्त एकगठ्ठा डाउनलोडमध्ये. पुलाचेच तुकडे झाल्यावर बघायचं काय?

यावर उतारा अल्फाफोल्ड सर्व्हर. हव्या त्या साखळ्या दिल्या की तो एकत्रित रचनेचा नवा अंदाज काढून देतो. गूगल खातं लागतं, व्यावसायिक वापर चालत नाही, रोजच्या जॉबना मर्यादा आहे. एका जॉबला ५,००० टोकन मिळतात, एका अमिनो आम्लाला एक टोकन. एटीजी९एच्या तीन साखळ्या (८३९ × ३ = २,५१७) आणि एक एटीजी२ए मिळून ४,४५५. उरलेल्यात ओलेइक आम्ल या मेदाम्लाचे २७ रेणू बसतात, कारण अशा छोट्या रेणूत हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला एक टोकन, म्हणजे रेणूमागे २०. सर्व्हरच्या तयार रेणूंच्या यादीत मेदाम्लं आहेत, पण पटल ज्याचं बनतं ते पूर्ण फॉस्फोलिपिड नाही. ही उणीव खटकते. आयपीटीएम (साखळ्यांची एकमेकींशी मांडणी किती भरवशाची, याचा ० ते १ मधला आकडा) ०.६च्या खाली आला तर ते चित्र स्लाइडवर टाकू नका, कितीही देखणं असो.

नुसतं एटीजी९एच हवं असेल तर सर्व्हरच्या वाटेला जाऊ नका. २०२०च्या क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी) रचना पीडीबीत, म्हणजे प्रयोगातून मिळालेल्या रचनांच्या संग्रहात आहेत. त्यातली एक पीपीएम या पटलातली प्रथिनाची जागा काढणाऱ्या सर्व्हरला द्या, तो पटलाच्या दोन्ही कडा आखून देतो.