आमच्या गीझरची तीन निदानं

जानेवारीतल्या एका सकाळी सव्वासहाला आमचा ईएलसीबी (कुठे करंट गळला की घरची वीज तोडणारा स्विच) पडला आणि अख्खं घर अंधारात गेलं. सासूबाई बाथरूममध्ये बादली लावून बसलेल्या. वय वर्षं ८१. आतून आवाज आला, "कराडच्या बंबाला कधी असलं झालं नाही हो!" बंबाला वीजच नव्हती, हे त्या वेळी बोलण्यात अर्थ नव्हता. मी गॅसवर पातेलं चढवलं.

गीझर २५ लिटरचा, २००० वॉटचा, साधा साठवणीचा, पुण्यात धायरीत राहायला आलो तेव्हाचा. धायरी २०१७ साली महापालिकेत गेली, पण आमच्या सोसायटीचे टँकर काही गेले नाहीत. नळाचं पाणी येतं तेव्हा पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शंभराच्या आसपास दाखवतो, टँकरचं असलं की सहाशेच्या वर. दिवाळीपासून गीझर चुरचुरत होता, भाकरीच्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, आणि पाणी कोमटच येत होतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं सहायक म्हणून काम करते, तरी घरच्या गीझरकडे बघायला मला ईएलसीबी पडावा लागला.

दुरुस्ती कोणाकडून करून घ्यावी, असं मला सध्या सोसायटीत तिघीचौघींनी विचारलंय. मी कंपनीचा माणूस, मी स्वतः आणि एक म्हातारे मिस्त्री असे तिन्ही प्रयोग त्याच गीझरवर एका आठवड्यात केले, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

कंपनीचा माणूस ही यांची सूचना. फोन लगेच लागला, मेसेज आला, तिसऱ्या दिवशी दिलेल्या वेळेला गणवेशातला मुलगा दारात. बूट बाहेर काढले, याचे गुण देतेच. खालचं झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड पाडला, तिथे गंजाचा तांबूस ओघळ होता. "टँक गेलाय मॅडम. याच्यात पैसे घालू नका." खिशातून रंगीत पत्रक निघालं. नवा साडेआठ हजारांना, जुना दिला तर पाचशे कमी. सगळं मिळून दहा मिनिटं. मीटर बाहेर काढला नाही. भेटीचे ४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ४७२ रुपयांची छापील पावती.

मला पटेना. टँक फुटला तर पाणी कवचाच्या आतून झिरपत राहतं, इन्शुलेशन भिजतं, गीझर बंद असतानाही थेंब पडत राहतात. आमचा ओघळ फक्त तापवताना यायचा आणि कॉइलच्या झाकणाच्या कडेनं. त्या पोराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दिवसात दहा घरं उरकायची असणार. पण बघितलं एक आणि निदान दुसऱ्याच रोगाचं, असं मला वाटलं. पाचपैकी दोन.

एक मात्र सांगते. तुमचा गीझर वॉरंटीत असेल तर पान्ह्याला हात लावू नका, आधी यांनाच बोलवा. स्वतः खोललेला दिसला की वॉरंटी हातची गेलीच समजा. आमची कधीच संपली होती.

रविवारी मी स्वतः बसले. मुख्य बोर्डावरचा गीझरचा एमसीबी पाडला, १६ अँपिअरचा प्लगही उपसून काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आमच्याकडे बटण बंद असतानाही ईएलसीबी पडत होता, प्लग काढल्यावर थांबला. मग थंड पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा, आणि खालचा कनेक्शन पाइप सोडून पाणी बादलीत. दोन बादल्या सहज होतात, न्हाणीत जुनं पोतं टाकून ठेवा. कॉइलच्या चकतीचे नट पान्ह्यानं समोरासमोरचे थोडे थोडे ढिले केले. चकती खाली आली आणि तिच्यासोबत भडाभडा खार. अंड्याच्या टरफलासारखे पांढरे कपचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले (यावरून घरात बोलणी खाल्ली): १ किलो ४०० ग्रॅम.

या खाराबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकते, की खार चढला की गीझर जास्त वीज खातो. कॉइल २००० वॉट घेते ती घेतेच आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान वेगळं आहे. खाराच्या पांघरुणाखाली कॉइल नको तितकी तापते आणि तिचं कवच तडकतं. थर्मोस्टॅटची नळीही त्याच खारात बुडालेली, तिला वाटतं पाणी तापलं, ती आधीच वीज तोडते. म्हणून कोमट पाणी. गणितानं २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॉटला सुमारे ३५ मिनिटं लागायला हवीत. आमच्या गीझरवरचा दिवा बाराव्या मिनिटाला विझायचा. हे आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी दोन महिने बादलीला नावं ठेवत होते.

आत ॲनोड रॉडही असतो, मॅग्नेशिअमचा. टँकच्या पोलादाऐवजी तो झिजतो, तेवढ्याचसाठी तो बसवलेला असतो. आमच्या रॉडची मधली तार तेवढी उरली होती. आठ वर्षांत एकदाही बदलला नाही, कारण तो आत असतो हे कंपनीच्या कुणी सांगितलं नाही आणि मीही पुस्तिका वाचली नाही.

शेजारच्या वहिनींनी संडास धुवायचं ॲसिड सुचवलं. अजिबात नको. त्यानं खार जातो, सोबत तांब्याचं कवच आणि टँकचा आतला लेपही जातो. मी किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, कोमट पाण्यात विरघळवलं आणि कॉइल रात्रभर बुडवून ठेवली. रात्री उशिरापर्यंत बादलीतून फसफस येत होती. सकाळी तांबं दिसायला लागलं. दोन टोकांत मीटर लावला, २७ ओहम. २००० वॉटला साधारण २६ ते २७च यायला हवेत. टोक आणि अर्थिंग यांच्यात मीटर काहीच दाखवेना, म्हणजे कुठे गळती नाही. मी खूश. ६० रुपयांचं, सांधा बुजवणारं नवं गॅस्केट घातलं, कॉइल चढवली, पाणी भरलं, मगच बटण दाबलं (रिकाम्या टाकीत कॉइल चालू केलीत तर ती तिथेच जाते). आवाज नाही, चुरचुर नाही. विसाव्या मिनिटाला घर पुन्हा अंधारात.

इथे माझी विद्या संपली. खरं तर तिथे संपायला नको होती, कारण यामागचं कारण मला ठाऊक असायला हवं होतं. माझा मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. कवचाला केसाएवढा तडा असला तरी आतली इन्सुलेशनची पावडर कोरडी असताना नऊ व्होल्टला ती चांगलीच दिसणार. पाण्यात बुडून, तापून, २३० व्होल्ट लागल्यावर ती खरं काय ते बोलते. आमच्या घरी ईएलसीबी आहे म्हणून तो पडला. पुष्कळ जुन्या इमारतींत नसतो. तिथे माझी ही 'दुरुस्त' कॉइल न बोलता चालू राहिली असती आणि करंट सासूबाईंच्या बादलीपर्यंत येऊ शकला असता. स्वतःला पाचपैकी अडीच देते. ते खारासाठी. कॉइलसाठी शून्य.

मिस्त्रींचा नंबर कॉलेजच्या शिपायानं दिला. साठीच्या पुढचे. पूर्वी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होते. त्यांच्या गैरसोयी आधी सांगते. फोन उचलत नाहीत, दोन तासांनी स्वतः करतात. मंगळवारी येतो म्हणाले, बुधवारी आले. तंबाखू. पक्की पावती नाही, हमी नाही, 'मी इथेच आहे की' हीच हमी. घाई असेल तर हे तुमचे नव्हेत.

खांद्यावरच्या कापडी पिशवीतून त्यांनी हातानं फिरवायचा मेगर काढला, म्हणजे जास्त व्होल्ट लावून गळती तपासायचा मीटर. मी असा शेवटचा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात बघितला होता, मोडलेला. "ताई, तुमचा मीटर खोटं बोलत नाही, त्याला दम कमी आहे," म्हणाले आणि दांडा फिरवला. पाचशे व्होल्टला काटा जवळजवळ शून्यावर झोपला. मी काही बोलले नाही.

मग त्यांनी गीझरच्या खाली, थंड पाण्याच्या तोंडाशी बोट फिरवलं. "हे कुणी बुजवलं?"

तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, पितळी, त्याला शेंगदाण्याएवढी नळी. त्या नळीच्या तोंडात एमसील भरलेलं. मी रविवारी ते पाहिलं होतं. पाहून त्याच्या भोवतालची धूळसुद्धा पुसली होती. कुणीतरी गळती बंद केलीय, असं समजून! तीन वर्षांपूर्वी टाइल्स बदलताना आलेल्या प्लंबरचं ते काम, आता आठवलं. "सारखं टपटपतंय," अशी तक्रार बहुधा आमच्याच घरातून गेली असेल.

तो टपटपायलाच हवा. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्का फुगतं, म्हणजे पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास जास्तीचं पाणी. मागे गच्चीवरच्या टाकीकडे जायला व्हॉल्व्ह देत नाही, तो एकाच दिशेला उघडतो. नळ बंद. मग ते त्या छोट्या नळीतून बाहेर पडतं. ती बुजवल्यावर आमच्या टँकनं दुसरी वाट शोधली, कॉइलच्या गॅस्केटमधून. कंपनीच्या मुलानं बघितलेला गंजाचा ओघळ तो. टँक शाबूत होता, त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. थर्मोस्टॅट खारामुळे लवकर बंद होत होता म्हणून दाब तरी बेतात राहिला. आणि मी खार काढून, नवं घट्ट गॅस्केट बसवून तीही वाट बंद केली होती. ईएलसीबी पडला नसता तर तो गीझर त्या दिवशी पूर्ण तापला असता, तोंड बुजवलेला.

हे मिस्त्रींनी मला रागावून सांगितलं नाही. एमसील टोकरत टोकरत, "आजी, तुमचं नशीब," एवढं सासूबाईंना म्हणाले.

नवी कॉइल मी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या वीजसामानाच्या बाजारातून आणली. जुनी सोबत न्यायला सांगितलं होतं, कारण चकतीवरच्या भोकांची जागा कंपनीगणिक बदलते. नुसतं 'दोन हजार वॉट' सांगून दुकानदार देईल ती बसेलच असं नाही. कॉइल ७८०, ॲनोड ३५०. माझं गॅस्केट ६०, लिंबूसत्व १२०. मिस्त्रींनी नवा व्हॉल्व्ह २८०ला आणला आणि मजुरी ६०० घेतली, दोन फेऱ्यांची. कंपनीचे ४७२ धरून २,६६२ रुपये. त्यांना पाचपैकी चार, एक तंबाखूचा कापला.

पुढच्या वर्षी मी काय करणार? खार काढणं आणि ॲनोड बदलणं, दरवर्षी, स्वतःच. तिथे चूक झाली तर बहुतेक पाणी गळतं, लगेच दिसतं, न्हाणी ओली होते. खार काढल्यावरही कॉइलच्या तारांची जोडणी, अर्थिंग आणि व्हॉल्व्ह मिस्त्रींचे. तिथली चूक चांगल्या कामासारखीच दिसते, मी तिच्यावरची धूळ पुसली होती. नणंदेकडे गॅसचा गीझर आहे, त्याला तर मी बोटही लावणार नाही. त्याचा बर्नर बिघडला किंवा खोलीला हवा नसली तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, आणि आत बसलेला माणूस दार बंद करून बसलेला असतो. तिला म्हटलं आधी तो बाथरूमच्या बाहेर काढ, मग दुरुस्तीचं बघू. पुढच्या महिन्यात काढतेय.

व्हॉल्व्हच्या नळीला मिस्त्रींनी पारदर्शक पाइप जोडून खाली सोडलाय. रोज सकाळी त्यातून थेंब पडतात. पहिल्या दिवशी हे दाढी करता करता म्हणाले, "अगं, गळतंय वाटतं." म्हटलं, गळू दे. सासूबाईंनी त्याखाली तांब्या ठेवलाय, ते पाणी तुळशीला जातं. परवा कॉलेजातून मोजपात्र आणून मोजलं. ३४० मिलिलिटर.