जी. एफ. उंगर: काही महिने वाचल्यानंतर

जर्मनीत स्टेशनवरच्या पेपरस्टॉलवर, मासिकांच्या खालच्या खणात, अजूनही 64 पानी वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, कादंबऱ्या मिळतात. वर्तमानपत्री कागद, पानावर दोन कॉलम, मध्ये पिना, वर घोडा आणि पिस्तूल. जर्मन सुधारायला म्हणून त्यांचाच एक लेखक, जी. एफ. उंगर, हातात घेतला आणि गेले काही महिने त्यालाच धरून आहे. थोडा छापील, बराचसा ई-बुकवर.

हा माणूस 1921 साली ब्रेस्लाउमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये जन्मला आणि 2005 साली लान नदीकाठच्या वाइलबुर्गमध्ये वारला. कादंबऱ्या सातशेहून जास्त. लेखनाची पन्नासेक वर्षं धरली तरी महिन्याला एकाहून अधिक पडते! एकूण खप 25 कोटींच्या घरात सांगतात. पण मला जास्त नवल वाटतं ते त्याच्या नावाचं. या धंद्यात लेखक सहसा दिसतच नाही. ‘लासिटर’ या वेस्टर्न मालिकेवर जॅक स्लेड हे नाव छापतात, पण त्यामागे लिहिणारे अनेक. उंगरनेही सुरुवातीला बिली जेन्किन्स या नायकाच्या मालिकेसाठी लिहिलं. पुढे मात्र बास्टाइ प्रकाशनाने त्याच्याच नावाच्या मालिका काढल्या. गिऱ्हाईक नायकाचं नाही, लेखकाचं नाव बघून अंक उचलू लागलं.

का, ते पहिल्या दोन पानांत कळतं. घोडेस्वार गावात शिरतो आणि तो किती थकलाय, कोणाचं देणं लागतो, कोण त्याच्या जिवावर उठलंय, सगळं उलगडतं. वाक्यं आखूड. माझ्या हाती आलेल्या बऱ्याच कथा वर्तमानकाळात, काही तर नायकाच्याच तोंडून, त्यामुळे शिकणाऱ्याला सोप्या जातात. खोगीर, लगाम, कुरणावरून पेटलेलं वैर असले शब्द आता पाठ झालेत. व्हिसाच्या कार्यालयात त्यांचा उपयोग शून्य, ते सोडा.

आता खटकलेलं. सांगाडा एकच: दांडगा रँचमालक, दबलेलं गाव, निघून जावं की थांबावं या पेचातला नेमबाज. लागोपाठ वाचलं की तिसऱ्या अंकाला कोण मरणार ते आधीच कळतं. बायका बहुतेकदा नायकाची वाट बघण्यापुरत्या, आणि मूळ रहिवासी जमाती म्हणजे टेकडीमागचा धोका. शेवटही पुष्कळदा उरकलेला. पानं संपत आली की गोळ्या सुटतात. मधला पेच मात्र तो मन लावून लिहितो, आणि मी त्यासाठीच पुढचा अंक घेतो.

सलग वाचू नका, मध्ये दुसरं काहीतरी वाचा. अंक कॉफीपेक्षा स्वस्त पडतो. जर्मनची बी-वन (मध्यम) पातळी झाली असेल तर शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. त्याआधी घेतलात तर संवादांतली अर्धीमुर्धी वाक्यं अडवतील.