नऊ महिने, नऊ पंक्चर: मागे पोरगं बसवून चालवलेल्या लेडीज सायकलचा अनुभव

गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेतून पोराला घेऊन येताना पांदणीच्या (वावरांमधल्या कच्च्या वाटेच्या) तोंडाशी मागचं टायर कडेनं फाटलं आणि ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर आली. मी पोराला उतरवलं आणि ती फुटली. साडेअकराचं ऊन, घर दीड किलोमीटर, सोबत सहा वर्षांचं लेकरू आणि दळणाची पिशवी. चालत घरी आले. त्या दिवशी राग इतका होता की लिहायला बसले असते तर सायकलीला नावंच ठेवली असती. चार दिवस जाऊ दिले, कारण या सायकलीबद्दल माझं मत आधी एकदा चुकलेलं आहे.

आमचं गाव आर्वीकडचं, वर्धा नदीच्या बाजूचं. शाळा चार किलोमीटरवर मोठ्या गावात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं सायकल घेतली. नेहमीची बिनगिअरची लेडीज, २६ इंची, पुढे टोपली, मागे कॅरिअर. ६,४०० रुपये. त्यावर लेकराचं आसन ८५० रुपये. तशी सायकल सगळ्यांच्या पाहण्यातली आहे, वर्णन करत नाही. सीट चांगली, हँडल चांगलं, घंटी महिन्यात गंजली. रोजचे आठ किलोमीटर, बाजाराच्या दिवशी जास्त, असे धरले तर दीड हजारावर किलोमीटर नक्की झाले.

आता पंक्चरकडे येते.

जुलै ते दिवाळी सात पंक्चर. सातही मागच्या चाकाचे. एका पंक्चरचे तीस रुपये, वर अर्धा दिवस, वर पोराची शाळा बुडते ते वेगळंच. पहिले दोन झाले तेव्हा वाटलं, आपल्याकडे हे चालायचंच. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येऊ नयेत म्हणून लोक बाभळीच्या, बोरीच्या काट्या ओढत नेऊन वावराला कुंपण घालतात, आणि नेताना पांदणभर काटे सांडत जातात. पाऊस ओसरला की सराटे वाळतात. सराट्याचं एक टोक नेहमी वरच असतं, कसाही पडला तरी. पण चौथ्या-पाचव्या वेळेला पुढच्या चाकाला काहीच होत नाही हे लक्षात आलं आणि मी टायरलाच धरून बसले. माझं ठाम मत झालं की कंपनीनं मागचं टायर कागदी लावलंय. मागे वजन जास्त पडतं म्हणून मागचं चाक जास्त पंक्चर होतं हे मला मान्य होतं, पण सात विरुद्ध शून्य?

तालुक्याला ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे गेले. त्यांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. "काटा लागला त कंपनी काय करन ताई, टायरले वॉरंटी नसते." मी म्हटलं, काटा दाखवा. एकाही वेळेला टायरमध्ये काटा सापडला नव्हता. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी तिथे पाऊण तास उभी राहिले आणि हात हलवत परत आले. तो पाऊण तास मला अजून आठवतो.

मत बदललं ते दिवाळीच्या सुट्टीत, मोठ्या गावाच्या स्टँडजवळ झाडाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्या काकांकडे. आधीचे पंक्चर मी घरी किंवा गावातल्या पोराकडून काढत होते. काकांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात घालायच्या आधी नुसती हातात धरून फिरवली आणि विचारलं, "बाई, हे ठिगळं कोनं लावले?" मग म्हणाले, "काटा भाईरून येते. तुमचे हे भोकं आतून हायेत."

ट्यूब म्हणजे नोंदवहीच निघाली. सातपैकी तीन ठिगळं रस्त्याच्या अंगाला, ती काट्यांची. चार रिमच्या अंगाला. त्यांतली तीन व्हॉल्व्हपासून मोजली तर साधारण एकाच जागी, वीतभराच्या आत. काकांनी ट्यूब तशीच व्हॉल्व्ह जुळवून रिमवर ठेवली आणि बरोबर त्या जागी बोट फिरवायला सांगितलं. बोटाला टोचलं. एका स्पोकचं टोक निपलच्या, म्हणजे रिममध्ये स्पोक धरणाऱ्या बारीक नटाच्या, वर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून असते ती रिमची पट्टी सरकून बाजूला गेलेली.

आणि मला जुलै आठवला. मागचा एक स्पोक तुटला होता, त्याच दुकानात बसवून चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घेतला होता. स्पोक एक नंबर लांब टाकला होता त्यांनी. म्हणजे टायरचा दोष नव्हताच. इतके दिवस मी ज्याला दोष देत होते ते टायर बिचारं काटे झेलत होतं आणि खरं भोक आतून पडत होतं. त्या दुकानावरचा माझा राग यानं कमी झाला नाही, उलट वाढला. पण टायरबद्दलचं मत मी त्याच दिवशी मागे घेतलं.

काकांनी टोक कानशीनं घासलं, जुन्या ट्यूबची अंगठ्याएवढी रुंद पट्टी कापून रिमवर चढवली. पन्नास रुपये. दिवाळीपासून गेल्या शनिवारपर्यंत, पाच महिन्यांत, फक्त दोन पंक्चर. दोन्ही काट्याचे, काटा हातात सापडला.

म्हणून लेकरू घेऊन सायकल चालवणाऱ्या प्रत्येकीला माझी कळकळीची विनंती: ठिगळ लावायच्या आधी भोक कुठल्या अंगाला आहे ते पाहा. रस्त्याच्या अंगाला असेल तर काटा अजून टायरमध्येच असू शकतो, आतून हात फिरवा, फडक्यानं फिरवा म्हणजे बोट कापणार नाही. रिमच्या अंगाला असेल तर स्पोक आणि पट्टी. आणि दोन बारीक भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी, तर हवा कमी होती. माझं सातवं ठिगळ ते होतं. मोरीच्या कडेवर चाक आदळलं, ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली.

हवेचं पण सांगते. अंगठ्यानं दाबून टायर कडक लागलं की भागलं असं मी समजत होते. ते एकट्यानं चालवताना ठीक आहे. मागे १९ किलोचं पोरगं बसलं की तेवढी हवा पुरत नाही. टायरच्या कडेवर किती हवा चालते ते छापलेलं असतं. माझ्या टायरवर कमाल ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे, मागच्याला ४५ च्या आसपास ठेवते, पुढच्याला थोडी कमी. पोरगं बसल्यावर टायर जमिनीशी किती पसरतं ते वाकून बघते. ट्यूबमधून हवा आपसूक थोडी थोडी जातच राहते, दर रविवारी पंप मारायचा. पंप २५० रुपयांचा घेतला तेव्हा जिवावर आलं होतं, आता वाटतं पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. आणि रोज सकाळी चाक बसलेलं दिसलं तर लगेच ट्यूब काढू नका. आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावा. बुडबुडा आला तर आतली वालट्यूब (व्हॉल्व्हवर चढवलेली बारीक रबरी नळी) कुजली आहे. दोन रुपयांची गोष्ट, आपल्या उन्हात रबर लवकर चिरतं. मी पर्समध्ये चार-पाच तुकडे ठेवते.

ट्यूब आणि टायरच्या मधे जुनी ट्यूब चिरून घालायचा उपाय मामाजींनी सांगितला. त्यांच्या ॲटलस सायकलीला वीस वर्षं तसंच होतं म्हणे. मी घातली. छोटा काटा नक्की अडतो. चाक थोडं जड होतं, आणि चिरलेल्या ट्यूबची कड आतल्या ट्यूबला घासते, म्हणून कडा पातळ घासून घ्या. शेजारच्या भाऊजींनी भरीव टायर लावायचा सल्ला दिला, पंक्चरची कटकटच नको. तो मी ऐकला नाही. १८८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये डनलप नावाच्या एका गुरांच्या डॉक्टरनं हवेचं टायर बनवलं ते मुळात आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी, भरीव रबराचे हादरे बसू नयेत म्हणून. त्याच्याही आधी टॉमसन नावाच्या माणसानं १८४५ मध्ये तशा टायरचं पेटंट घेतलं होतं, पण चाललं ते डनलपचं. पांदणीतून जाताना मागे पोरगं "आई, हळू" म्हणतं तेव्हा मला भरीव टायरचा विचारही करवत नाही.

लेकराच्या आसनाबद्दल माझी तक्रार कायम आहे, ती बदललेली नाही. आसन पट्ट्यासकट देतात, पण पायाची जाळी देत नाहीत. ऑगस्टमध्ये पोराची चप्पल स्पोकमध्ये गेली. पाय नाही गेला, हे नशीब. टाच स्पोकमध्ये गेली तर काय होतं ते गावात एका लेकराचं पाहिलंय, तीन आठवडे ड्रेसिंग. त्याच संध्याकाळी वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना जाळी आणि पायदान बसवून घेतलं, ३५० रुपये. चप्पल घालून बसणं बंद, बुटाच्या नाड्या बांधूनच बसायचं. दुसरं, साइड स्टँडवर लेकराला बसवून हात सोडू नका. मी डबल स्टँड लावला, तरीही एक हात सीटवर असतो. आधी स्वतः मांड घट्ट, मग पोरगं, उतरताना उलटं.

पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल घालू नका, एवढंच म्हणते. दहा पावलांत मडगार्ड भरतो आणि चाक जाम होतं. आम्ही पोळ्यापर्यंत डांबरीवरून सहा किलोमीटरचा फेरा मारून जात होतो. काडीनं माती काढत बसण्यापेक्षा ते परवडलं. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, मागे वजन असताना तो उशीर जाणवतो, लांबूनच दाबत यायचं.

मोठ्या लेकीला तान्ह्या पोळ्याच्या सुमारास तिची २० इंची सायकल आणली. दुकानदार २४ घ्या म्हणत होता, "दोन वर्षं चालन". मलाही पैसे वाचवायचे होते, पण सीटवर बसून तिचे दोन्ही पाय टेकत नव्हते, म्हणून नको म्हटलं. बाजूची छोटी चाकं लावली नाहीत. दोन्ही पायडल काढून ठेवले, सीट खाली केली, आणि मंदिरासमोरच्या उतारावर पायानं ढकलत चार संध्याकाळ फिरली. पाचव्या दिवशी पायडल लावले आणि गेली. मी तिच्या वयात बाबांच्या सायकलवर कैची मारत शिकले, गुडघे फुटले होते. आता डांबरीवर ती पुढे, डाव्या कडेला; मी मागे, तिच्यापेक्षा थोडी उजवीकडे. कापसाच्या गाड्या मागून येतात तेव्हा त्यांना आधी मी दिसले पाहिजे.

आता गेल्या शनिवारचं फाटलेलं टायर. हे मात्र टायरचंच, कड सुकून चिरली होती. गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला दुपारभर उन्हात सायकल उभी राहते, चूक माझी आहे, आता नीमखाली लावते. यांनी तालुक्याहून नवीन टायर आणलं, "२६ चं द्या" म्हणून. आणलं ते २६ × १.९५. चढेचना. माझं २६ × १ ३/८. दोन्हीवर २६ छापलंय, पण रिमचं माप वेगळं: एकाचं ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचं ५९०. तीन सेंटिमीटरचा फरक, कितीही ओढा, बसत नाही. दुकानदार परत घेईना, "खोलून पायलं तुमी." ३८० रुपये पडून आहेत. इंचाच्या आकड्यावर जाऊ नका, टायरच्या कडेवर बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, तो पाहा. माझ्यावर ३७-५९० आहे.

काल गावातल्या नववीच्या तीन मुलींच्या, सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकली पाहिल्या. तिघींच्या टायरवर तोच आकडा, आणि तिघींचीही मागची कड चिरायला लागलेली. सोमवारी वर्ध्याला जाणार आहे. चार टायर, चार ट्यूब आणि रिमच्या पट्ट्या एकदम आणते. आकडा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय.