टेलि-मानस 14416: फोन लावताना आणि ठेवताना

14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवावा. सगळं बरं चाललेलं असतानाच. ऐन वेळी नंबर शोधायला हात चालत नाहीत.

केंद्र सरकारची ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. मानसिक आजारांवर काम करणारी बंगळुरूची निम्हान्स ही तिची मुख्य संस्था. चोवीस तास, वीस भाषांत, मराठी त्यात आहेच. दुसरा नंबर 1800 891 4416. देशभरच्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशात त्या वर्षी 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. प्रयत्नातून वाचलेल्यांची मोजणी यात नाही. एवढ्या मोठ्या दुखण्यावर रात्री दोन वाजताही मराठीत बोलणारं माणूस फुकट मिळतं, म्हणून या सेवेला आम्ही पाचपैकी चार देतो. एक गुण का कापला, ते पुढे येईलच.

फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग कॉल आपल्या राज्यातल्या केंद्राकडे जातो. लाइन मोकळी नसेल तर तिकडून परत फोन येण्याची सोय आहे. इथेच बऱ्याचदा गाडी अडते, कारण अनोळखी नंबर न उचलायची आपल्याला सवय लागली आहे. त्या दिवशी येईल तो फोन उचला. बोलायला आडोशाची जागा आधी बघा, कारण माजघरात सगळ्यांच्या देखत खरं बोलणं होत नाही.

फोनवर प्रशिक्षित समुपदेशक असतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला बहुतेक जण झोप लागत नाही, डोकं जड आहे, कामात लक्ष नाही एवढंच सांगतात. मग चांगला समुपदेशक आवाज न बदलता विचारतो, “जीव संपवावा असं मनात येतं का?” पलीकडे शांतता पसरते. काही क्षणांनी बारीक आवाजात “हो” येतं. पुढचे प्रश्न ठरलेले: कधीपासून, काही ठरवलं आहे का, त्याची साधनं हाताशी आहेत का, आत्ता सोबत कोण आहे. नेमकं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, अभ्यासांत ती टिकलेली नाही. उलट विचारलं की माणसाला हायसं वाटतं. म्हणून फोन करणाऱ्यानेही आडवळणाने बोलू नये. ‘जीव नकोसा झालाय’ असं सरळ सांगितलं तर मदत लवकर मिळते. घरच्या माणसाची काळजी वाटत असेल तर त्याच्यासाठी आपणही फोन करू शकतो.

बोलणं चालू असतानाच कागदावर सहा गोष्टी उतरवून घ्या. कशावरून कळतं की पुन्हा तसं वाटायला लागलंय. तेव्हा एकट्याने काय केलं की मन वळतं. कुठे, कुणात जाऊन बसलं की बरं वाटतं. मदत मागता येईल अशी दोन-तीन नावं, फोन नंबरांसकट. डॉक्टर आणि हेल्पलाइन. आणि घरातली कोणती वस्तू आजच बाहेर काढायची. या सहाव्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ द्या. टोकाची घालमेल पुष्कळदा काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. शेतकरी कुटुंबात फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात गेली पाहिजेत. घरातच कुलूपबंद डब्यात ठेवणं पुरत नाही. श्रीलंकेतल्या खेड्यांत असे डबे वाटून पाहिले, 2017 मध्ये निकाल आला आणि फरक दिसला नाही. सर्वांत विषारी औषधांवर बंदी आल्यावर मात्र तिथला आत्महत्यांचा दर बराच उतरला.

आता कापलेल्या गुणाबद्दल. समुपदेशक ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ म्हणतात, ते बरोबरच आहे. पण सकाळी केसपेपरच्या रांगेत आपलं दुखणं काय सांगायचं या धास्तीने माणूस तिथूनच मागे फिरतो. फोन आणि ओपीडी यांच्यामधला हा सांधा कच्चा आहे. म्हणून फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, कितव्या खोलीत, आणि तुम्ही मला परत कधी फोन करणार. सोबतीला कुणीतरी न्या.

परत फोन येण्यावर आमचा एवढा भर का, त्यालाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इस्पितळात आणलेल्या 1,867 जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं झालं आणि 18 महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस झाली. पहिल्या अकरा आठवड्यांत त्यातल्या पाच. 2008 मध्ये निकाल छापून आले: पहिल्या गटात आत्महत्येने गेलेले 2.2 टक्के, दुसऱ्यात 0.2 टक्के. यात महागडं औषध नाही की यंत्र नाही, कुणीतरी ठरल्या दिवशी ‘कसं चाललंय?’ विचारलं एवढंच. समुपदेशकाचा फोन येवो न येवो, घरच्यांनी पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा कालनिर्णयवर खूण करून ठेवावा.

पोलिसांच्या भीतीने फोन टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही, ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 115 प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं असतं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे.

कुणी इजा करून घेतली असेल तर मात्र 14416 वर वेळ घालवू नका. 108 ला रुग्णवाहिका बोलवा किंवा 112 लावा, आणि ती येईपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नका. परदेशातल्या मराठी घरांनी तिथले नंबर जवळ ठेवावेत: अमेरिकेत 988, ब्रिटनमध्ये 116 123.