कीव्हच्या उंची युक्रेनी रेस्टॉरंटांत काही महिने जेवल्यावर: कटलेटातलं लोणी जातं कुठे?

पाचशे ह्रिव्नियांच्या पुढे मोजून (दुप्पट केलं की रुपयांतला अंदाज येतो) कीव्ह कटलेट (आत लोणी भरून तळलेली कोंबडी) मागवावं, सुरी घालावी आणि आत लोण्याच्या जागी नुसती पोकळी निघावी, याला काय म्हणायचं? वेटरचं म्हणणं, लोणी मांसात मुरलं. ते काय लोणचं आहे मुरायला? मॅनेजरला बोलावलं, त्याने सहानुभूतीने मान हलवली, बिलातून एक पैसा कमी केला नाही, वर उझवारचा एक पेला 'आमच्याकडून' म्हणून ठेवला. सुकी नाशपाती आणि आलुबुखार उकळलेलं पाणी देऊन लोण्याची भरपाई! रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही, आणि त्यामागचं कारण कळल्यावर राग थोडा उतरला. थोडाच.

हे सगळं कीव्हच्या मध्यवस्तीबद्दल आहे: झोलोती वोरोता, सोफिया चौक, आंद्रीइव्ह्स्की उतार हा पट्टा, जिथे जुने घरगुती पदार्थ पांढऱ्या मेजपोशावर, मोठ्या ताटलीत आणि छोट्या आकारात येतात. २०२२ च्या आधी खार्किव्ह किंवा विनित्सियाला मेडिकलसाठी राहून गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना वरेनिकी (सारण भरून उकडलेल्या करंज्या), देरुनी (बटाट्याची धिरडी), होलुब्त्सी (कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण) ही नावं पाठ असतील, त्यामुळे लांबलचक ओळखपरेड करत नाही. तेच पदार्थ पुझाता हातासारख्या ट्रे घेऊन रांगेत उभं राहायच्या ठिकाणी कितीतरी स्वस्त मिळतात. मग जास्तीचे पैसे कशाचे? माझ्या मते ते फक्त दोन गोष्टींत वसूल होतात, कटलेट आणि बोर्श्च, म्हणजे बीटाचं सूप. बाकी बहुतेक ठिकाणी आपण खुर्ची, काच आणि दिव्यांचे पैसे देतो.

कटलेटात कसब आहे ते असं. कोंबडीच्या छातीचा तुकडा पंखाचं एक हाड ठेवून काढतात, प्लॅस्टिकच्या दोन थरांत ठेवून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा ठोकतात. कडा मधल्या भागापेक्षा पातळ हव्यात, नाहीतर गुंडाळल्यावर टोकाला गोळा होतो आणि तो आतून कच्चा राहतो. शेपू आणि पार्स्ली घातलेलं लोणी, साधारण ३० ते ४० ग्रॅम, कांडीच्या आकारात आधीच गोठवलेलं असतं. ते मध्ये ठेवून वर छातीच्या आतला लहान फिलेचा तुकडा बुचासारखा दाबतात आणि सगळं गुंडाळतात. मग पीठ, अंडं, पावाचा चुरा. पुन्हा अंडं, पुन्हा चुरा. हा दुसरा थर ज्या स्वयंपाकघरात वाचवतात तिथलं लोणी ताटापर्यंत पोचत नाही. गार करून १७० अंशांच्या जवळपास तापलेल्या भरपूर तेलात रंग येईपर्यंत तळायचं आणि उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये. ओव्हनमधली शेवटची मिनिटं सगळ्यात नाजूक. कमी झाली तर हाडाजवळ गुलाबी, जास्त झाली तर आतली वाफ शिवण फोडून लोण्यासकट बाहेर.

म्हणजे लोणी गायब होण्याची कारणं मोजकी आहेत: ठोकताना पडलेलं भोक, एकच थर चुरा, ओव्हनमध्ये विसरलेलं, किंवा आधी तळून ठेवलेलं कटलेट मागणीनंतर पुन्हा तापवलेलं. शेवटचं सगळ्यात जास्त. ओळखायची खूण सोपी. ताज्या कटलेटचा चुरा सगळीकडे एकसारखा सोनेरी असतो आणि सुरीच्या पाठीने टिचकी मारली तर कोरडा आवाज येतो. पुन्हा तापवलेल्याची खालची बाजू काळपट आणि ओलसर असते, बूड बसलेलं असतं, आणि कापायच्या आधीच खालच्या बटाट्याच्या लगद्याच्या (पुरे) कडेला पिवळी रेघ दिसते. ती रेघ दिसली की कापूच नका, तसंच परत पाठवा. कापल्यावर वाद घालणं अवघड जातं, कारण तेव्हा लोणी तुमच्याच सुरीने सांडलं असं म्हणायला ते मोकळे.

आता कारण. सुरुवातीला हा शुद्ध आळस वाटला होता. पण ऑक्टोबर २०२२ पासून वीजयंत्रणेवर हल्ले सुरू झाले आणि शहरात वीज ठरलेल्या गटांप्रमाणे जाऊ-येऊ लागली, तेव्हापासून इथलं स्वयंपाकघर जनरेटरचा हिशेब करून चालतं. जनरेटरवर दिवे, फ्रिज, कार्ड मशीन, कॉफी यंत्र चालतं. विजेचा फ्रायर आणि मोठा ओव्हन एकत्र लावले की भार झेपत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात कीव्हमधल्या कित्येक रेस्टॉरंटांनी वीज नसतानाचा वेगळा, आखूड मेनूच काढला होता. प्रामाणिक जागा अशा वेळी कटलेट 'आज नाही' म्हणून सांगतात. बाकीच्या दुपारी वीज असताना तळून ठेवतात आणि संध्याकाळी मिळेल त्या आचेवर गरम करतात. म्हणजे आपण ज्याला निष्काळजीपणा समजतो त्यातला निम्मा भाग किलोवॅटचा आहे. उरलेला निम्मा निष्काळजीपणाच, कारण त्या कटलेटची किंमत मात्र ताज्या कटलेटचीच लावतात.

यावर उपाय असा की टेबल बुक करायच्या आधी त्या भागाचं वीज जायचं वेळापत्रक बघायचं. डीटेक या वीज कंपनीच्या साइटवर पत्ता घातला की गट आणि तास दिसतात. वीज असलेल्या तासांत कटलेट मागवा, नसलेल्या तासांत बोर्श्च. मागवतानाच विचारा की किती वेळ लागेल. पंचवीस मिनिटं म्हणाले तर आनंदाने थांबा. दहा म्हणाले तर दुसरं काही घ्या.

आणि चांगलं कटलेट आलं तर त्याच्यावर एकदम सुरी चालवू नका. लोणी आत दाबाखाली असतं, पिचकारी शर्टापर्यंत जाते. हाड डाव्या हाताने त्यावरच्या कागदी टोपीपाशी धरायचं, हाडाजवळच्या फुगीर भागात काट्याने एक भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग आडवा काप. खाली बटाट्याचा पुरे उगाच नसतो, तो लोणी टिपायला असतो. काही ठिकाणी हल्ली पुरे शेजारी, वेगळ्या वाटीत देतात. दिसायला छान, कामाला शून्य.

बोर्श्चबद्दल माझं मत मात्र मधल्या काळात पूर्ण फिरलं. साडेतीनशे ह्रिव्नियांपर्यंतचं बीटाचं सूप म्हणजे पर्यटकांची लूट, असंच पहिलं मत होतं. १ जुलै २०२२ ला युनेस्कोने युक्रेनी बोर्श्च शिजवण्याच्या परंपरेला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं (शेफ येव्हहेन क्लोपोतेन्को त्यामागे हात धुऊन लागले होते), आणि त्यानंतर भाव चढवायला सगळ्यांना निमित्तच मिळालं. पण विजेच्या भानगडीत हाच पदार्थ टिकून राहतो. सकाळी मोठ्या भांड्यात शिजायला चढतो, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, आणि मंद आचेवर तासन्‌तास बसला तरी बिघडत नाही. फक्त रंगाची काळजी घ्यावी लागते. बीट परततानाच त्यात आंबट काहीतरी, म्हणजे बीटाचा क्वास (बीट आंबवलेलं पाणी), टोमॅटो किंवा व्हिनेगर पडलं तर लाल रंग धरून राहतो. आंबट नसेल आणि उकळी जास्त झाली तर रंग तपकिरी होतो. वाडग्यात विटकरी रंग दिसला की समजावं. उंची ठिकाणी फरक कळतो तो धुरावलेल्या नाशपातीने किंवा आलुबुखाराने. तो धूर घरगुती बोर्श्चात सहसा नसतो आणि त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

स्मेताना, म्हणजे आंबट साय, मात्र वेगळी मागा. वरूनच घालून आणली तर वाडगं टेबलापर्यंत येईतो कोमट होतं. पाम्पुश्की, म्हणजे लसणाचं तेल चोपडलेले लुसलुशीत पाव, बोर्श्चबरोबर येतात की वेगळे लावतात हे आधी विचारून घ्या.

हिशेबी लोकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट मेनूवरच छापलेली असते. पदार्थाच्या नावाशेजारी ग्रॅम लिहिलेले असतात. वाचत जा. २८० ग्रॅमचं वरेनिकीचं ताट आणि १५० ग्रॅमचं वरेनिकीचं ताट यांची किंमत जवळपास सारखी असू शकते. मासे आणि स्टेक इथे तर खरा सापळा आहे: छापलेली किंमत १०० ग्रॅमची असते आणि वजन कच्च्याचं. मेनूवर २९० दिसतं, मासा ६०० ग्रॅमचा निघतो, बिल १७४० वर जातं. शिजवायच्या आधी वजन करून दाखवा म्हणा, चांगल्या जागेत कोणी नाक मुरडत नाही. होरिल्का, म्हणजे इथली वोडका, बहुधा ५० मिलिलिटरच्या मापाने असते. मध आणि हॉर्सरॅडिशची घ्या, सालोच्या (खारवलेली डुकराची चरबी) गोठवलेल्या पातळ कापांबरोबर तीच जमते.

शाकाहारींनी नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. डुकराची चरबी इथे फोडणीच्या जागी असते. बोर्श्चात मांस दिसलं नाही तरी शेवटी लसणाबरोबर कुटलेला सालो पडलेला असू शकतो. म्हणून 'पिस्नी' बोर्श्च मागा, तो उपवासाचा, बहुधा मशरूमचा असतो. बटाट्याच्या वरेनिकींवर आणि बानोशवर (मक्याचा रवा क्रीममध्ये शिजवून वर ब्रिन्झा चीज) तळलेल्या चरबीचे तुकडे सर्रास घालतात. मागवताना 'बेझ श्क्वारोक' म्हणायचं. बानोश गरमच खा, गार झाला की त्याची वडी पडते.

वेळेचं सांगायचं तर मध्यरात्री १२ ते पहाटे ५ संचारबंदी असते, म्हणून ऑर्डर नऊ-साडेनऊला बंद होते आणि दहाच्या सुमाराला खुर्च्या उलट्या व्हायला लागतात. आठचं टेबल घेऊन पाच पदार्थ खायचे बेत करू नका; साडेसहा ही बरी वेळ. सायरन वाजला तर काही ठिकाणी वाढणं थांबवतात, काही चालू ठेवतात. बुकिंग करतानाच तळघर आहे का ते विचारावं. झोलोती वोरोताजवळ बसलात तर मेट्रो स्टेशन खोल आहे आणि चालत जवळ. उठायची वेळ आलीच तर बिलाचं काय, हे वेटर स्वतःच सांगतो. या बाबतीत एकाही जागेबद्दल तक्रार नाही.

टिप १० टक्के चालते, बिलात ती बहुधा धरलेली नसते. पण मोठा गट असेल तर सेवा आकार आधीच लावलेला असू शकतो, आणि तो शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात असतो. शिवाय पहिल्यांदा जो कागद आणून ठेवतात तो नुसता अंदाजी हिशेब; क्यूआर कोड असलेली फिस्कल पावती पैसे दिल्यावर मिळते. कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील तर ती मागून घ्या, पहिला कागद अकाउंट्सवाले स्वीकारत नाहीत.